कमी वेगात गचके खाणारी सेकंडहँड मोटारसायकल: रेसच्या मुठीपासून मागच्या चाकापर्यंत

कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा पापाच्या तिकटीला संध्याकाळच्या गर्दीत वेग जेमतेम ताशी दहा-पंधरा किलोमीटर असतो, आणि जुनी घेतलेली मोटारसायकल नेमकी तिथेच उघडी पडते. हायवेला सुरळीत पळणारी गाडी गर्दीत रेस किंचित दिली की पुढे उसळते, सोडली की एकदम आखडते. मागे बसलेल्याचं डोकं आपल्या हेल्मेटवर आपटतं. ओल्या रस्त्यावर, वळणात असा गचका बसला तर मागचं चाक सरकू शकतं. म्हणून "जुनी गाडी आहे, चालायचंच" असं म्हणून हा दोष सोडून देऊ नये.

गॅरेजात यावर पहिलं उत्तर मिळतं ते "कार्बोरेटर साफ करू, ट्युनिंग करू." माझं मत वेगळं आहे. वापरलेल्या गाडीत गचक्याचं मूळ पेट्रोलापेक्षा ढिलाईत जास्त वेळा सापडतं. कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर पाहा. जागचा हलताना आधी पहिल्या ट्रॉलीची पिन ताणली जाते, मग दुसऱ्या ट्रॉलीची, आणि प्रत्येक जोडाला धडक बसते. मोटारसायकलमध्येही मुठीपासून टायरपर्यंत असे जोड आहेत: केबल, क्लच, गिअर, चेन, चाकातले रबर. प्रत्येकात थोडी मोकळीक लागतेच. पण दहा वर्षं वापरलेल्या गाडीत ती सगळीकडे वाढलेली असते आणि तिची बेरीज बुडाला जाणवते. म्हणून तपासणी हातापासून सुरू करून चाकापर्यंत जायची, मग हवा आणि ठिणगी बघायची, आणि पेट्रोलला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आधी गचका ओळखा

पाना हातात घेण्याआधी गाडी नीट चालवून पाहा. सकाळी लवकर, विद्यापीठाच्या बाजूला मिळतो तसा सपाट आणि मोकळा रस्ता निवडा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या.

दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीसच्या आसपास मूठ अजिबात न हलवता चाला. मूठ स्थिर असूनही गाडी स्वतःच ओढते, सोडते, पुन्हा ओढते असं होत असेल तर दोष हवा-पेट्रोलच्या मिश्रणात किंवा ठिणगीत आहे. मूठ स्थिर असताना गाडी शांत चालते आणि फक्त रेस सोडून पुन्हा देताना "खट्" करून धक्का बसतो, तर दोष ढिलाईचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की अर्धी लढाई जिंकली.

नंतर गाडी डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवून रेस अगदी सावकाश वाढवा. इंजिनाचा आवाज मुठीबरोबर सलग चढत असेल तर इंजिनाकडची बाजू बहुधा ठीक आहे, लक्ष चेन आणि चाकाकडे द्या. आवाज आधी अडतो आणि मग एकदम उसळतो, तर केबल किंवा मिश्रण बघा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही पाहा. वळवताना आयडलिंग वाढलं तर केबल कुठेतरी ओढली जाते आहे, आणि ही गोष्ट धोक्याची आहे, ती त्याच दिवशी दुरुस्त करा.

एक शंका आधीच फेडून टाकतो. दीडशे सीसीची एक सिलिंडरची गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी वीसने चालवली तर ती गचके खाणारच. तो दोष नव्हे, गिअर चुकीचा आहे. एक गिअर खाली या, आणि तरीही गचके राहिले तरच पुढचं वाचा.

रेसची मूठ आणि केबल

मुठीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून एक रेघ मारा, समोर स्विचच्या डबीवर दुसरी. आता मूठ हलकेच फिरवा. केबल ताणली जाईपर्यंत मुठीची कडा जितकी मोकळी फिरते ती मोकळीक. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात ती २ ते ६ मिलिमीटर दिलेली असते. वापरलेल्या गाडीत ती याहून बरीच जास्त सापडते आणि मग काय होतं ते सोपं आहे: हात आधी पोकळीत फिरतो, मग केबल एकदम पकडते, आणि आपण ठरवलं त्याहून जास्त रेस जाते.

मुठीजवळच्या अॅडजस्टरचा चेकनट सैल करून मोकळीक पुस्तकातल्या आकड्याच्या खालच्या टोकाला आणा आणि चेकनट पुन्हा आवळा. शून्य करू नका. हँडल वळलं की केबल ताणली जाते, म्हणून थोडी मोकळीक राहिलीच पाहिजे. वरचा अॅडजस्टर संपला असेल तर कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीकडचा (इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटरच्या जागी असते ती) वापरा. काही गाड्यांना दोन केबल असतात, एक उघडणारी आणि एक बंद करणारी. त्यात दोन्ही जुळवाव्या लागतात.

मूठ पूर्ण उघडून सोडली की ती टकन आपोआप बंद झाली पाहिजे. रेंगाळत असेल तर मूठ उघडून आतली नळी आणि हँडलचा पाइप पुसून काढा. पाइपवर गंज आणि जुन्या ग्रीसचा थर हमखास निघतो. आधीच्या मालकाने फॅन्सी ग्रिप बसवली असेल तर ती बार-एंडला घासते का, किंवा रबर नळीवर घसरते का, तेही पाहा. केबल टाकीखालून कशी गेली आहे ते टाकी उचलून बघा. एखाद्या अपघातानंतर किंवा कामानंतर ती चुकीच्या बाजूने फिरवलेली असते आणि तिला तीव्र वळण पडतं. केबलमध्ये वरून हलकं तेल सोडून ती मोकळी होत नसेल, किंवा तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर नवी घाला. ही वस्तू स्वस्त आहे, तिच्यात काटकसर करू नका.

जाता जाता क्लचची केबलही बघा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळीक हवी. कमी वेगात गाडी सांभाळण्याचं निम्मं काम हाफ क्लच करतो, आणि क्लच अडखळत सुटत असेल तर दोष रेसचा वाटतो.

चेन: गचक्यांचं मुख्य घर

गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. चालू इंजिनावर चेनला बोट लावायचं नाही, आणि फिरत्या चेनला फडकं तर अजिबात नाही. यात बोटं जातात.

खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध स्टीलची पट्टी उभी धरा आणि चेन वर-खाली करून एकूण हालचाल मोजा. रोजच्या वापराच्या १०० ते २०० सीसी गाड्यांना ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते. उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त लागते. नेमका आकडा पुस्तकात किंवा चेनगार्डजवळच्या स्टिकरवर असतो, आणि मोजताना गाडी कोणत्या स्टँडवर हवी तेही तिथेच लिहिलेलं असतं. मोजमाप एका जागी घेऊन थांबू नका. चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा, असं पूर्ण फेरा होईपर्यंत. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते. ताण नेहमी सगळ्यात ताठ जागेवर लावायचा. ताठ आणि सैल जागांतला फरक मोठा असेल तर अॅडजस्ट करून उपयोग नाही, चेनसेट बदलायचा.

दुसरी खूण मागच्या स्प्रॉकेटवर दिसते. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेनची कडी पकडून मागे ओढा. चेन उचलली जाऊन दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर तिचं आयुष्य संपलं. दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसले तरी तेच. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर वाया जाते. पुढच्या स्प्रॉकेटचे दात मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. पिकअप वाढवण्यासाठी कोणीतरी एक दात कमी केलेला असू शकतो, आणि तसा बदल कमी वेगातला प्रत्येक धक्का तीव्र करतो.

ताण देताना मागच्या अॅक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवा आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्हीकडे जुळवा. एक बाजू पुढे-मागे राहिली तर चाक तिरकं बसतं. नट पूर्ण आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना ताण थोडा बदलतो. मग ब्रेकची मोकळीक तपासा आणि स्प्लिट पिन असेल तर नवी घाला. चेन गरजेपेक्षा ताठ ठेवण्याचा मोह आवरा. दोघं बसल्यावर ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते.

आपल्याकडे गाळप हंगामात रस्त्यावर उसाची चिपाडं, माती आणि धूळ असते, आणि तेल लावलेल्या चेनला ती सगळी चिकटते. त्या महिन्यांत चेन रॉकेल किंवा चेन क्लीनरने जास्त वेळा धुवावी लागते. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावू नका, रबराच्या कड्या खराब होतात. धुतल्यावर कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर तेल आतल्या बाजूने लावा, काही वेळाने जादा तेल पुसून टाका.

चाकातले डॅम्पर रबर

चेन ठीक करूनही "खट्" राहिलं तर इकडे या. मागचा स्प्रॉकेट चाकाला थेट बसवलेला असतोच असं नाही. अनेक गाड्यांत तो एका वेगळ्या प्लेटवर असतो आणि प्लेट व हब यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात. इंजिनाचा धक्का हे रबर गिळतात. वर्षानुवर्षं दबून ते कडक आणि बारीक होतात, मग प्लेट हबमध्ये मोकळी हलते आणि प्रत्येक वेळी रेस देताना आपटते. गाडी विकण्यापूर्वी लोक नवे टायर घालतात, पॉलिश करतात, पण हे रबर बदललेले फारच क्वचित दिसतात, कारण ते बाहेरून दिसतच नाहीत.

तपासायला इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, एका हाताने मागचा स्प्रॉकेट धरा आणि दुसऱ्याने चाक पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट आणि चाक यांच्यात जी हालचाल दिसते ती रबराची. थोडी दाबल्यासारखी, घट्ट हालचाल चालेल. सैल, खडखडणारी हालचाल म्हणजे रबर गेले. चाक काढलं की ते हाताने निघतात. नवे बसवताना साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको. दोन-चार दिवस नवे मिळाले नाहीत तर जुन्या सायकलट्यूबचे तुकडे ठोकळ्यांच्या बाजूला घालून मोकळीक भरता येते. तात्पुरती सोय म्हणून ती चालते, पण नवे आले की बदला.

चाक निघालेलंच आहे तर बेअरिंग बोटाने फिरवून पाहा, आणि स्विंगआर्म दोन्ही हातांनी आडवा हलवून बघा. बुश झिजलेला असेल आणि गाडी इतकी जुनी असेल की तयार भाग मिळत नाही, तर उद्यमनगरात लेथवर बुश काढून देणारे कारागीर आहेत. कोल्हापुरात जुनी गाडी बाळगणाऱ्याला हा मोठा आधार आहे. नमुन्याला जुना बुश आणि शाफ्ट दोन्ही सोबत न्या.

पुरातली गाडी आहे का?

कोल्हापूर किंवा शिरोळ भागातून सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हा प्रश्न टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शहराच्या सखल भागांत, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, सर्व्हिस करून विकली जाते आणि बाहेरून स्वच्छ दिसते. तिचा त्रास पुढे वर्षभराने कनेक्टरमधून सुरू होतो: ठिणगी मधूनच कमी पडते, सेन्सरचा सिग्नल मधूनच तुटतो, आणि गाडी कधी गचके खाते तर कधी नाही.

हेडलाइटची वाटी उघडा, सीट काढा, बॅटरीच्या पेटीखाली आणि चेसिसच्या खाचांत बघा. बारीक वाळलेला गाळ तिथे लपून राहतो. कनेक्टर एकेक सोडवा. पिनांवर हिरवट थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून साफ करा आणि कोरडे करून जोडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर चेसिसला जिथे बसते तो बोल्ट काढून खालचा गंज पॉलिश पेपरने घासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण "अधूनमधून" येणाऱ्या दोषाला याच्याइतका खात्रीचा उपाय नाही.

टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवा. हे काम उघड्यावर करा, जवळ ज्योत किंवा सिगारेट नको. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. पंपावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. अशी टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी.

हवा आणि ठिणगी

एअर फिल्टर उघडा. कागदाचा असेल आणि काळवंडला असेल तर बदला, स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, पुस्तकात सांगितलं असेल तरच तेल लावून बसवा. फिल्टरच्या पेटीचं झाकण नीट बसतं का आणि पेटीपासून इंजिनाकडे जाणारा रबरी बूट सुटलेला नाही ना, हे फिल्टरइतकंच महत्त्वाचं आहे.

कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधला मॅनिफोल्ड रबर मात्र वेळ देऊन बघा. त्याला बारीक भेगा पडल्या की फिल्टरला वळसा घालून हवा आत शिरते, कमी वेगात मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि गाडी मूठ स्थिर असूनही ओढते-सोडते. इंजिन आयडलिंगला ठेवून रबराच्या जोडांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. कार्बोरेटर क्लीनर मारून ही चाचणी करणारे बरेच आहेत, पण तो ज्वलनशील आहे आणि बाजूलाच गरम सायलेन्सर असतो, म्हणून मी पाण्याचाच सल्ला देतो.

प्लग काढून रंग बघा. विटकरी किंवा फिकट तपकिरी चांगला. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, काळी कोरडी काजळी म्हणजे जाड. गॅप फीलर गेजने मोजा, आकडा पुस्तकातला घ्या. प्लगची टोपी वायरवर सैल असेल तर टोक थोडं कापून पुन्हा बसवा. टॅपेटचं, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरचं, अंतर थंड इंजिनावर मिस्त्रीकडून तपासून घ्या. घट्ट टॅपेटमुळे आयडलिंग बिघडतं, आणि टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता कार्बोरेटर

इथवर सगळं ठीक असेल तरच. कमी वेगाचं पेट्रोल स्लो जेटमधून येतं आणि त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की थोड्या चिकट थरानेही अडतं. जेट काढून क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, छिद्र मोठं झालं की ते पुन्हा लहान होत नाही. व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर असेल तर वरचं झाकण उघडून रबरी डायफ्राम उजेडाकडे धरा. टाचणीएवढं भोक पडलं तरी गाडी अडखळते.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहा. जोर लावला तर टोक मोडतं. मग आधीच्याच जागी परत आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आत नेला की मिश्रण जाड. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की जाड. इंजिन गरम करून आयडलिंग पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात चढं, स्थिर आयडलिंग जिथे मिळेल तिथे थांबा. मग आयडलिंगच्या स्क्रूने वेग खाली आणा आणि हीच क्रिया एकदा पुन्हा करा.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या पूर्वीच्या पेट्रोलवर जुळवलेल्या आहेत. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे त्याच जेटवर आता मिश्रण थोडं पातळ पडतं. धूर मोकळा सोडणाऱ्या फ्री-फ्लो सायलेन्सरने ते आणखी पातळ होतं, म्हणून तो बसवलेल्या गाडीचे गचके आणखी वाढतात. अशा गाडीला आधी कंपनीचा सायलेन्सर परत लावा. मिश्रण बदललं की पीयूसीही तपासून घ्या.

फ्युएल इंजेक्शनची गाडी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. या गाड्यांत रेस पूर्ण सोडली की इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) पेट्रोल थांबवतो आणि पुन्हा उघडली की सुरू करतो. त्या क्षणी येणारा हलका धक्का रचनेतलाच आहे, पण चेन आणि रबर ढिले असतील तर तोच मोठा होऊन पोचतो. म्हणून इंजेक्शनच्या गाडीलाही वरचा क्रम तसाच लागू.

घरी करण्यासारखं म्हणजे थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवतीचा काळा थर क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसणं आणि बॅटरी तपासणं. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. झडपेच्या स्टॉपर स्क्रूला आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरला हात लावू नका. त्यांची जागा कारखान्यात ठरवलेली असते आणि हलली की इसीयूचा सगळा हिशेब चुकतो. इंजिनाचा पिवळा दिवा पेटत असेल तर अंदाजाने भाग बदलत बसण्याऐवजी स्कॅनर असलेल्या ठिकाणी कोड वाचून घ्या.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तीच चाचणी घ्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

गर्दीत चालवताना उजव्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी स्विचच्या डबीला टेकवून मूठ फिरवा. खड्ड्यात हात हलला तरी रेस हलत नाही. अगदी सावकाश वळताना रेस किंचित धरून ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकने हलकेच आवरा. चेन सतत ताणलेली राहते आणि उरलेली मोकळीक जाणवत नाही. सुस्थितीतल्या गाडीलाही ही सवय उपयोगी पडते.

हे सगळं करूनही गाडी गचके खात असेल, तर उरतात क्लचची बास्केट (क्लचच्या प्लेटा बसतात ती दातेरी वाटी) आणि गिअरबॉक्स. बास्केटच्या दातांवर प्लेटांनी खाचा पाडल्या की क्लच टप्प्याटप्प्याने सुटतो. ते इंजिनाची बाजू उघडल्याशिवाय दिसत नाही. तिथे अनुभवी मिस्त्रीकडेच जा, आणि वर काय काय तपासलं ते त्याला लिहून द्या, म्हणजे तो पुन्हा कार्बोरेटरपासून सुरुवात करणार नाही.